फोटो पोर्टफोलिओवरही आणि विक्रीलाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्यशाळा संपल्यावर चहाच्या टपरीवर, व्हॉट्सॲपवर आणि मेलवर फोटोग्राफर मंडळी जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्यातले हे प्रश्न. भाषा शक्यतो त्यांचीच ठेवली आहे. कायद्याचं जे काही आलं आहे ते भारतीय कायद्याला धरून आहे. करार मोठ्या रकमेचा असेल तर मात्र वकिलाची फी वाचवू नका.

1. जो फोटो माझ्या पोर्टफोलिओवर आहे, तोच स्टॉक साइटवर (जिथे अनेकांच्या फोटोंचे वापर-परवाने विकले जातात) विकायला टाकला तर चालतं का?

चालतं. शटरस्टॉक, ॲडोबी स्टॉक, अलामी, ड्रीम्सटाइम अशा बहुतेक ठिकाणी फोटो बिगर-एक्सक्लुझिव्ह पद्धतीने देता येतो. कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो, साइटला फक्त पुढे परवाने विकण्याचा हक्क मिळतो. तोच फोटो तीन साइटवर ठेवा, स्वतःच्या पोर्टफोलिओवर ठेवा, फ्रेम करून दिवाणखान्यात लावा, कुणाची हरकत नाही. अडचण दोन ठिकाणी येते. एक, तुम्ही एक्सक्लुझिव्ह करार केला असेल तर (प्रश्न 6 आणि 7). दोन, फोटोचा कॉपीराइट मुळात तुमचा नसेलच तर (प्रश्न 8 आणि 9). ही दुसरी अडचण वाटते त्यापेक्षा बरीच जास्त वेळा येते.

2. पोर्टफोलिओवर फोटो फुकट दिसतोय, मग पैसे देऊन तो घेणार कोण?

ज्याला तो छापायचा आहे तो. प्रकाशक, जाहिरात संस्था, बँकेचा मार्केटिंग विभाग, शाळेच्या पुस्तकाचा संपादक, यांना फोटो नुसता बघून भागत नाही. त्यांना मोठी फाइल लागते आणि हा फोटो वापरायला आम्हाला मुभा आहे असं सांगणारा कागद लागतो. उद्या कुणी नोटीस पाठवली तर हाच कागद ते पुढे करणार असतात. पैसे ते या दोन गोष्टींचे मोजतात.

जो माणूस तुमचा फोटो उचलून व्हॉट्सॲपवर शुभ सकाळ लिहून पाठवतो, तो तुमचा गिऱ्हाईक कधीच नव्हता. त्याच्या धास्तीने पोर्टफोलिओ बंद ठेवलात तर खरा गिऱ्हाईकही तुमच्यापर्यंत पोचणार नाही.

3. पोर्टफोलिओवर फोटो किती मोठा ठेवावा?

लांब बाजू 1600 ते 2048 पिक्सेल, एसआरजीबी रंगात, जेपेगची क्वालिटी 75–80 च्या आसपास. स्क्रीनवर देखणा दिसायला एवढं पुरतं. छपाईला साधारण 300 पिक्सेल प्रति इंच लागतात, म्हणजे 1600 पिक्सेलच्या फाइलमधून जेमतेम सव्वापाच इंचांचा चांगला प्रिंट निघेल. तुमच्या 24 मेगापिक्सेलच्या मूळ फाइलमधून (6000 बाय 4000) त्याच हिशोबाने 20 बाय 13 इंचांचा निघतो. हा फरक हाच तुमचा माल. शटरस्टॉक आणि ॲडोबी स्टॉक दोघेही किमान 4 मेगापिक्सेलची फाइल मागतात, त्यामुळे तुमची पोर्टफोलिओवरची फाइल उचलून कुणी तिथे विकायला गेला तरी ती आकारावरच अडते.

एक पथ्य पाळा. पोर्टफोलिओची तयार टेम्प्लेटं बऱ्याचदा तुम्ही चढवलेली मूळ फाइलही सर्व्हरवर जपून ठेवतात आणि थोडी खटपट करणाऱ्याला तिचा पत्ता सापडतो. म्हणून फोटो लहान करूनच अपलोड करा. साइट लहान करून दाखवते आहे यावर विसंबू नका.

4. वॉटरमार्क टाकावा का? आणि राइट क्लिक बंद केलं तर?

राइट क्लिक बंद करून काही साधत नाही, स्क्रीनशॉट काढायला दोन बोटं पुरतात.

वॉटरमार्कबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही: पोर्टफोलिओवर मधोमध, फोटोभर पसरलेला वॉटरमार्क नको. पोर्टफोलिओ बघायला येणारा तुमचं काम जोखायला येतो आणि त्याला आधी तुमचं नावच आडवं येतं. कोपऱ्यात लहानसं नाव ठीक. ते कापता येतं हे खरं, पण मोठं नावही पुसता येतंच. एका साच्यातले वॉटरमार्क ढीगभर फोटोंवरून आपोआप पुसता येतात हे गूगलच्या संशोधकांनी 2017 मध्येच दाखवून दिलं होतं, आणि आता तर मोबाइलवरची ॲप्स ते करतात. स्टॉकला पाठवायच्या फाइलवर मात्र एक अक्षरही नको, नाव किंवा तारीख असलेली फाइल परत येते.

वॉटरमार्कपेक्षा जास्त उपयोगी पडतो मेटाडेटा, म्हणजे फाइलच्या पोटात लिहिलेली माहिती. लाइटरूम किंवा तत्सम सॉफ्टवेअरमध्ये निर्मात्याचं नाव, कॉपीराइटची ओळ आणि संपर्क हे रकाने एकदा भरून प्रीसेट करून ठेवा. ही माहिती मुद्दाम, जाणूनबुजून काढून टाकणं हा भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम 65ब प्रमाणे गुन्हा आहे. ही तरतूद 2012 च्या दुरुस्तीत आली. फोटो लहान करताना काही साइट आपणहून हा मेटाडेटा पुसतात, तेव्हा स्वतःचाच फोटो एकदा डाउनलोड करून तपासा.

5. विकण्याआधी कॉपीराइटची नोंदणी करावी लागते का?

नाही. शटर दाबलं की कॉपीराइट जन्माला येतो. नोंदणी ऐच्छिक आहे आणि कोर्टात पुरावा म्हणून कामी येते. रोजच्या कामाला मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातून आलेली, प्रक्रिया न केलेली) सांभाळून ठेवणं जास्त मोलाचं, कारण ती चोराकडे नसते. 2012 च्या दुरुस्तीनंतर फोटोचा कॉपीराइटही इतर कलाकृतींसारखा छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं टिकतो. आधी तो प्रकाशनापासून 60 वर्षंच होता.

6. रॉयल्टी-फ्री, राइट्स-मॅनेज्ड, एक्सक्लुझिव्ह... पोर्टफोलिओच्या दृष्टीने यातलं कशाकडे बघायचं?

फक्त एक्सक्लुझिव्हकडे.

रॉयल्टी-फ्री म्हणजे फुकट नव्हे. गिऱ्हाईक एकदा पैसे भरतो आणि ठरलेल्या मर्यादेत पुन्हा पुन्हा वापरतो. राइट्स-मॅनेज्डमध्ये कुठे, किती काळ, किती प्रतींसाठी हे ठरवून भाव लावतात. या दोन्हींत तुमच्या पोर्टफोलिओला कुणी हात लावत नाही.

एक्सक्लुझिव्हचे दोन प्रकार आहेत आणि गफलत इथेच होते. काही ठिकाणी एकेका फोटोपुरतं बंधन असतं. आयस्टॉकवर ते फोटोग्राफरवर असतं: तुम्ही तिथे एक्सक्लुझिव्ह झालात की तुमचा कुठलाच फोटो दुसरीकडे रॉयल्टी-फ्री म्हणून विकता येत नाही, मग तो आयस्टॉकवर चढवलेला असो वा नसो. पोर्टफोलिओवर फोटो नुसता दाखवणं यात बसतं, पण त्याच पोर्टफोलिओवर तुम्ही स्वतः परवाने विकत असाल तर ते बंधनाच्या आड येऊ शकतं. सही करण्याआधी तीन गोष्टी शोधा: बंधन फोटोवर आहे की माणसावर, स्वतःच्या साइटवरच्या विक्रीला सूट आहे का, आणि बाहेर पडायला किती मुदतीची सूचना द्यावी लागते.

7. एका कंपनीने फोटो कायमचा, सगळ्या हक्कांसह विकत घेतला. आता तो पोर्टफोलिओवरून काढावा लागेल का?

करारात काय लिहिलं आहे त्यावर आहे. कॉपीराइटच हस्तांतरित केला असेल तर फोटो आता त्यांचा, आणि दाखवण्यासाठीही त्यांची परवानगी लागेल. कलम 57 प्रमाणे ‘हा फोटो मी काढला’ असं सांगण्याचा तुमचा हक्क मात्र विकूनही जात नाही. पण फोटो माझा असं म्हणता येणं वेगळं आणि तो मांडून ठेवता येणं वेगळं.

म्हणून सौदा करतानाच एक ओळ घालून घ्या: ‘छायाचित्रकार हा फोटो आपल्या कामाचा नमुना म्हणून स्वतःच्या पोर्टफोलिओत, प्रदर्शनात आणि स्पर्धांसाठी दाखवू शकेल.’ सौदा चालू असताना कंपन्या ही ओळ सहसा अडवत नाहीत. पैसे हातात पडल्यावर मागायला गेलात तर त्यांचा कायदा विभाग महिनाभर उत्तर देत नाही.

कायद्याच्या आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हस्तांतरण लेखीच हवं, तोंडी ‘सगळे हक्क दिले’ याला अर्थ नाही. आणि मुदत लिहिलेली नसेल तर कलम 19 नुसार ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. परवान्यालाही योग्य त्या फेरफारासह हेच लागू होतं. जुने, अर्धवट लिहिलेले करार काढून वाचा. एखाद्या फोटोचे हक्क परत तुमच्याकडे आलेले असू शकतात.

‘कंपनीला रंगीत दिला, पोर्टफोलिओवर ब्लॅक अँड व्हाइट ठेवतो’ ही पळवाट चालत नाही. फोटो तोच राहतो. त्याच क्षणाचा शेजारचा फ्रेम हे थोडं वेगळं प्रकरण आहे, पण एक्सक्लुझिव्ह करारांत ‘तत्सम फोटो’ असा शब्द बहुधा असतो आणि तो शेजारच्या फ्रेमलाही धरतो.

8. मी लग्नं शूट करतो. ते फोटो माझे आहेत ना? पोर्टफोलिओवर तर सगळेच टाकतात.

सगळेच टाकतात, पण कायदा वेगळं सांगतो. कॉपीराइट कायदा 1957, कलम 17: मोबदला देऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला असेल आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक फोटो काढवून घेणारा असतो. म्हणजे लेखी काहीच नसेल तर कॅमेरा तुमचा, मेहनत तुमची, पण कॉपीराइट वधूच्या वडिलांचा किंवा ज्यांनी तुम्हाला काम दिलं त्यांचा. परदेशी फोटोग्राफरांचे व्हिडिओ बघून ‘फोटो काढणाऱ्याचाच कॉपीराइट’ हे डोक्यात पक्कं बसतं, कारण तिकडे बऱ्याच देशांत तसं आहेही. इथे कामावर काढलेल्या फोटोला ते लागू नाही.

उपाय मात्र सोपा आहे: उलट ठरवून घ्या. बुकिंगच्या पावतीवर किंवा करारात अशा अर्थाचं लिहा: ‘या शूटमधल्या फोटोंचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील. कुटुंबाला अल्बम, घरगुती छपाई आणि समाजमाध्यमांसाठी फोटो वापरण्याची कायमची मुभा आहे. छायाचित्रकार निवडक फोटो स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून दाखवू शकेल. जाहिरातीत वापरण्यासाठी किंवा स्टॉकवर विकण्यासाठी फोटोतल्या व्यक्तींची वेगळी लेखी संमती घेतली जाईल.’ दोन्ही बाजूंच्या सह्या, तारीख. शेजारी एक चौकट ठेवा, ‘आमचे फोटो दाखवू नयेत’, म्हणजे ज्यांना नको ते खूण करतील. अशी घरं असतात, आणि त्यांना मागाहून फोन करून समजावत बसण्यापेक्षा हे बरं.

स्टॉकचा प्रश्न त्यानंतरचा. कॉपीराइट तुमच्याकडे असला तरी मांडवातल्या ओळखू येणाऱ्या प्रत्येक चेहऱ्यासाठी रिलीज, म्हणजे त्या व्यक्तीची लेखी संमती, लागणार, मुंडावळ्या बांधलेल्या नवरा-नवरीपासून पंगतीत वाढणाऱ्या मुलापर्यंत. म्हणून विक्रीला फोटो ठेवायचे तर चेहरे नसलेले निवडा: हिरवा चुडा, अक्षता, गौरीहराची मांडणी, केळवणाचं ताट, मेंदी भरलेले हात. अल्बममध्ये ज्याकडे कुणी बघत नाही ते फोटो बऱ्याचदा स्टॉकवर जास्त चालतात.

9. मी नोकरी करतो. ऑफिससाठी काढलेले फोटो माझ्या पोर्टफोलिओत ठेवू का?

पगारी नोकरीचा भाग म्हणून काढलेले फोटो मालकाचे, करारात वेगळं नसेल तर. परवानगी मागा. पोर्टफोलिओसाठी ती बहुधा मिळते, विक्रीसाठी नाही.

वृत्तपत्रं आणि नियतकालिकांच्या फोटोग्राफरांना कलम 17 मध्ये वेगळी वागणूक आहे. तिथे मालकाचा पहिला हक्क वृत्तपत्र-नियतकालिकात छापण्यापुरता, बाकी हक्क फोटोग्राफरचे, पण हेही ‘उलट करार नसेल तर’च. आजकालच्या नेमणूकपत्रांत उलट करार असतोच, तेव्हा आधी ते पत्र शोधा. सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या कॅमेऱ्यावर, स्वतःसाठी काढलेले फोटो साधारणपणे तुमचे. इथेही काही कंपन्यांची नेमणूकपत्रं जास्त हात पसरतात.

10. आषाढी वारीत काढलेले वारकऱ्यांचे फोटो आहेत. पोर्टफोलिओवर ठेवले आहेत, विकूही शकतो का?

हा प्रश्न दर वर्षी जुलैत येतो.

पोर्टफोलिओवर वारीचा फोटो कामाचा नमुना म्हणून किंवा कथानकाचा भाग म्हणून असतो. सार्वजनिक ठिकाणच्या, सन्मानाने काढलेल्या फोटोला तिथे सहसा अडचण येत नाही. विक्रीत दोन खाती आहेत. एडिटोरियल खात्यात गेलेला फोटो बातमी, लेख, पुस्तक, माहितीपर मजकूर यांच्यासोबत छापला जातो आणि त्याला मॉडेल रिलीज लागत नाही. कमर्शिअल खात्यातला फोटो काहीतरी विकण्यासाठी किंवा प्रचारासाठी वापरला जातो, तिथे ओळखू येणाऱ्या प्रत्येक माणसाची सही लागते. दिवेघाटात डोक्यावर तुळस घेतलेल्या माउलीचा फोटो ‘आषाढी वारी’ या लेखासोबत आला तर प्रश्न नाही. तोच फोटो गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिरातीवर झळकला आणि तिच्या नातवाने पाहिला, तर त्याचा राग रास्तच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे, आणि तसं नसतं तरी हे योग्य नव्हतंच.

ओळखू येणं म्हणजे फक्त चेहरा नव्हे. गोंदण, खास पागोटं, दिंडीच्या पताकेवरचं नाव यांवरूनही माणूस ओळखता येतो, आणि स्टॉकचे तपासनीस त्यावरूनही फोटो अडवतात. गर्दीचा दुरून घेतलेला, चेहरे न कळणारा फोटो मात्र कमर्शिअलमध्येही जाऊ शकतो.

रिलीज घ्यायचा असेल तर फोनवरच्या ॲपमध्ये सही घेता येते, पण कागद त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवा. इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेऊन आल्याच्या बढाया मी ऐकल्या आहेत. तसली संमती मी संमती मानत नाही. अठराच्या आतल्या मुलांसाठी आई-वडिलांची किंवा पालकाची सही. आणि विक्रीतले पैसे द्यायचं कबूल केलं असेल तर द्या.

एडिटोरियल म्हणून विकायच्या फोटोत ढवळाढवळ करू नका. विजेची तार पुसली, आभाळ बदललं, की तो त्या खात्यातून बाद. पोर्टफोलिओसाठी सजवलेली आवृत्ती आणि एडिटोरियलची साधी आवृत्ती अशा दोन फाइली ठेवा.

11. किल्ले, देवळं, जुन्या इमारती यांचं काय? माणसं नाहीत, मग अडचण कसली?

कॉपीराइटची अडचण नाही. कलम 52 प्रमाणे वास्तूचा फोटो काढणं आणि प्रसिद्ध करणं हा भंग ठरत नाही, सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पालाही तीच सूट आहे. पण कॉपीराइटशिवाय दुसऱ्या गोष्टी असतात.

ट्रेडमार्क: मुंबईतल्या ताज महाल पॅलेस हॉटेलच्या इमारतीचं चित्र 2017 मध्ये ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं गेलं. पोर्टफोलिओवर गेटवेच्या शेजारी ती दिसली तर काही बिघडत नाही, पण फक्त तिचाच फोटो टी-शर्टवर किंवा कॅलेंडरवर विकायला ठेवणं वेगळं. आयफेल टॉवरचंही असंच उदाहरण आहे: दिवसाचा फोटो विकायला मोकळा, रात्रीच्या रोषणाईवर मात्र हक्क सांगितला जातो, आणि स्टॉक साइट तो कमर्शिअलमध्ये घेत नाहीत.

जागेचे नियम: पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड लावायला परवानगी लागते. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश बंद आहे. देवळाच्या गाभाऱ्यात देवस्थानाचा नियम चालतो.

खासगी घरं: पणजीच्या फोंतेन्हासमधली रंगीत घरं सगळ्यांच्या पोर्टफोलिओत असतात. ती लोकांची राहती घरं आहेत, आणि फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीला तिथले रहिवासी वैतागलेले आहेत. एकच घर ठळक दिसत असेल तर कमर्शिअल विक्रीसाठी साइट मालकाचा प्रॉपर्टी रिलीज मागते. गल्लीचं सर्वसाधारण दृश्य असेल तर एडिटोरियलला द्या.

12. गणपतीच्या मूर्तीचा फोटो विकता येतो का? ती तर सार्वजनिक मंडपात असते.

मंडप सार्वजनिक असतो, पण मूर्ती कायमची नसते. प्रश्न 11 मधली शिल्पाची सूट कायमस्वरूपी बसवलेल्या शिल्पासाठी आहे, आणि गणपती दीड दिवसाने किंवा अनंत चतुर्दशीला विसर्जित होतो. मूर्ती ही मूर्तिकाराची कलाकृती, देखावा हा नेपथ्य करणाऱ्याची. म्हणून उत्सवाचं वातावरण, गर्दी, मिरवणूक, गुलाल यांत मूर्ती दिसत असेल तर एडिटोरियल. नुसत्या मूर्तीचा जवळून घेतलेला फोटो अगरबत्तीच्या पुड्यासाठी विकायचा असेल तर मूर्तिकाराची लेखी परवानगी घ्या. पेणच्या एखाद्या कारखान्यात जाऊन परवानगीनिशी शूट करणं मला जास्त पटतं: रंगकाम चालू असलेले हात आणि डोळ्यांची आखणी असं साहित्य मिळतं, आणि सह्याही तिथेच होतात.

13. ड्रोनने काढलेला फोटो पोर्टफोलिओवर ठेवला तर हौस, विकला तर धंदा, असं आहे का?

जवळपास तसंच. ड्रोन नियम 2021 मध्ये 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. त्यापुढे 2 किलोपर्यंतच्या मायक्रो ड्रोनला ही सूट फक्त बिगर-व्यावसायिक उडवण्यासाठी आहे. विकायच्या इराद्याने उडवलात तर प्रमाणपत्र हवं. शिवाय उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-पोर्टलच्या नकाशावर रंग बघा, रेड झोनमध्ये परवानगीशिवाय उडवायचंच नाही. संरक्षित किल्ल्यावर पुरातत्त्व खात्याची परवानगी वेगळी. पोर्टफोलिओवर टाकलेला बेकायदा ड्रोन-फोटो म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा, नावासकट.

14. पोर्टफोलिओवरच ‘विकत घ्या’ असं बटण ठेवू, की स्टॉक साइटची लिंक देऊ?

दोन्ही करा, पण एकाच फोटोला नको. तुमच्या साइटवर ज्याचे 5,000 रुपये लावलेत तोच फोटो गिऱ्हाईकाला गूगल लेन्सवर स्टॉकमध्ये काही डॉलरला सापडतो, आणि मग बोलणं खुंटतं. माझा सल्ला सरळ आहे: फोटोंचे दोन ढीग करा. जे फोटो सही न बघताही तुमचेच म्हणून कळतात (कोकणकड्याची ती एकच संध्याकाळ, भीमाशंकरचं धुकं) ते स्वस्त स्टॉकवर टाकू नका. ते पोर्टफोलिओवर ठेवा, परवाना आणि प्रिंट स्वतः विका. स्टॉकला कामाचे फोटो द्या: भाजीच्या गाड्यावर क्यूआर कोड, एसटीची वाट बघणारे प्रवासी, ज्वारीची काढणी, जिल्हा परिषदेच्या शाळेचा वर्ग. अर्थात प्रश्न 10 मधल्या नियमांनुसार. यातले थोडे पोर्टफोलिओतही शोभतात, तेवढी सरमिसळ चालते.

स्टॉकचे दर कळले की हे लवकर पटतं. शटरस्टॉकने 2020 मध्ये जी पद्धत आणली तिच्यात फोटोग्राफरचा वाटा पायरीपायरीने 15 ते 40 टक्के आहे, आणि दर 1 जानेवारीला तुम्ही पुन्हा खालच्या पायरीवर येता. ॲडोबी स्टॉक फोटोला 33 टक्के देतं. सबस्क्रिप्शनमधल्या एका डाउनलोडचे काही सेंट मिळतात. हा व्यवहार संख्येवर चालतो.

स्वतः विकणार असाल तर गूगलच्या इमेज सर्चचा फायदा घ्या. 2020 पासून तिथे परवाना मिळणाऱ्या फोटोवर तशी खूण दिसते. त्यासाठी मेटाडेटामधले ‘वेब स्टेटमेंट ऑफ राइट्स’ आणि ‘लायसन्सर यूआरएल’ हे दोन रकाने भरा: पहिल्यात तुमच्या अटींचं पान, दुसऱ्यात खरेदीचं पान. भाव विचारणाऱ्याला चार प्रश्न विचारल्याशिवाय आकडा सांगू नका: कुठे वापरणार, किती काळ, केवढ्या आकारात, कोणत्या प्रदेशात.

15. प्रिंट विकला तर फोटोचे हक्कही जातात का?

नाही. गिऱ्हाईकाने कागद घेतला, फोटो छापण्याचा हक्क नव्हे. तो प्रिंट भिंतीवर लावेल, दुसऱ्याला विकेलही, पण त्यावरून पोस्टर काढू शकणार नाही. पावतीवर एक ओळ लिहून टाका. मर्यादित आवृत्ती म्हणून ‘1/10’ असं लिहिणार असाल तर अकरावा प्रिंट काढायचा नाही, आणि असला फोटो स्टॉकवर नको, कारण तिथून घेणारा त्याची पोस्टरं छापू शकतो. तुमच्या दहा गिऱ्हाइकांना ते आवडणार नाही. पोर्टफोलिओवर दाखवायला काहीच हरकत नाही.

16. काही फोटो आधी अनस्प्लॅश या फुकट फोटोंच्या साइटवर दिले होते. आता तेच विकायचे आहेत.

अनस्प्लॅशचा परवाना मागे घेता येत नाही. तिथून फोटो काढून टाकाल, पण ज्यांनी तो आधी उतरवून घेतला त्यांचा वापर कायम, व्यावसायिक वापरासकट. कायद्याने तुम्ही तो अजूनही विकू शकता. पण पैसे मोजणाऱ्याला तो फुकट फिरताना दिसला की तो तुमच्या बाकीच्या फोटोंकडेही संशयाने बघतो. आणि एक्सक्लुझिव्ह म्हणून तर तो कधीच विकू नका. त्याच सहलीतले वेगळे फ्रेम काढा.

इन्स्टाग्रामचं असं नाही. तिथे तुम्ही कंपनीला वापराचा परवाना देता, जगाला नाही. तिथला फोटो विकायला मोकळा आहे. फोटो-स्पर्धांच्या अटी मात्र शेवटपर्यंत वाचा. ‘आलेल्या सर्व प्रवेशिकांचे हक्क आयोजकांकडे’ असं लिहिलेलं असेल तर बक्षीस न मिळताच फोटो गेला.

17. परदेशी साइटकडून आलेल्या पैशांवर कर कसा?

हे उत्पन्न इथल्या आयकर विवरणात दाखवावंच लागतं, डॉलरमध्ये आलं म्हणून सुटत नाही. अमेरिकी साइटवर डब्ल्यू-8बेन हा परदेशी व्यक्तींसाठीचा कर-फॉर्म भरा, त्यात पॅन द्या. न भरल्यास अमेरिकेतल्या विक्रीवर 30 टक्के कापले जातात, भरल्यास भारत-अमेरिका करारामुळे रॉयल्टीवर 15 टक्के. फॉर्म सही केलेल्या वर्षानंतर तिसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत चालतो, मग पुन्हा. तिकडे कापलेल्या कराचं श्रेय इथे मागता येतं. जीएसटीची सेवांसाठीची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला 20 लाखांची, आणि तिच्यात लग्नाची कामं, प्रिंट, स्टॉक सगळं मिळून मोजतात. त्याच्या जवळ पोचलात तर सीए गाठा.

18. माझा पोर्टफोलिओवरचा फोटो एका कंपनीच्या साइटवर दिसला. नोटीस पाठवू?

थांबा, आधी विक्रीचा हिशोब बघा. फोटो स्टॉकवरही असेल तर त्या कंपनीने तो रीतसर विकत घेतलेला असू शकतो. गिऱ्हाइकाचं नाव साइट तुम्हाला सांगत नाही, तुम्हाला फक्त एक डाउनलोड दिसतं. पैसे भरलेल्या गिऱ्हाइकालाच चोर म्हटल्याने तुमचं नाव खराब होतं. म्हणून पहिला मेल नरम लिहा: ‘हा फोटो आपल्या साइटवर पाहिला, आनंद झाला. परवाना कुठून घेतला ते कळवाल का?’ फोटो कधीच कुठे विक्रीला नव्हता असं असेल तर गोष्ट वेगळी.

परवाना नसेल तर पान आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, रॉ फाइल तयार ठेवा आणि आधी बिल पाठवा. बऱ्याच कंपन्या बिल भरून मोकळ्या होतात. तेही नाही झालं तर ज्या मंचावर फोटो चढवला आहे त्याला लेखी तक्रार द्या. भारतीय नियमांत मध्यस्थाने, म्हणजे त्या मंचाने, 36 तासांत तो दिसणं थांबवायचं असतं, पण 21 दिवसांत तुम्ही कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो परत दिसू शकतो.

19. पोर्टफोलिओ उघडा ठेवला तर एआय माझे फोटो गिळणार. स्टॉकवर टाकले तरी तेच. मग?

स्टॉकवर काय होतं ते अटींत लिहिलेलं असतं. शटरस्टॉक प्रशिक्षणासाठी दिलेल्या फोटोंच्या पैशातून वाटा देतं आणि त्यातून बाहेर राहण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. ॲडोबीने आपलं एआय, फायरफ्लाय, मुख्यतः स्टॉकच्या फोटोंवर शिकवलं आणि त्यापोटी फोटोग्राफरांना बोनस दिला. म्हणजे तिथे निदान काहीतरी हातात पडतं.

पोर्टफोलिओवर रोबॉट्स फाइलमध्ये (साइटवरची सूचनांची फाइल) एआयच्या क्रॉलरना, म्हणजे साइट आपोआप धुंडाळणाऱ्या प्रोग्रॅमना, मनाई लिहिता येते. सभ्य क्रॉलर ती पाळतात, बाकीचे नाही. त्यांच्यापासून खरा बचाव प्रश्न 3 मधलाच: लहान फाइल. आणि गूगलच्या साध्या शोध-क्रॉलरला त्या नादात बंद करून टाकू नका, नाहीतर प्रश्न 14 मधली खूण दिसायची कुठे?